अप्पांच्या चेंडूला कुणी मारायचं नाही

माझ्या सासऱ्यांनी सोलापुरात क्रोके क्लब काढला तो निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी, असं त्यांच्या पंच्याहत्तरीच्या सत्कारात एकामागून एक वक्त्यांनी सांगितलं आणि पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. खोटं इतकं नीट नटवून कुणी पुढं आणलं की मला नाटकाला आल्यासारखं वाटतं. खरी गोष्ट अशी की क्लब निघाला जमिनीच्या प्रेमापोटी, खेळ सुचवला मी, आणि त्या खेळानं भलं केलं ते जमिनीचंच. ज्या एका माणसाचं भलं व्हायला हवं होतं तिचं नाव सत्कारात कुणी घेतलं नाही. तीही टाळ्या वाजवत माझ्याच शेजारी बसली होती.

गोष्ट शहात्तर सालची. शहरातल्या मोकळ्या जमिनींवर मर्यादा घालणारा कायदा आला होता आणि बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, भुसार मालाची अडत होती. अक्कलकोटच्या बाजूला, तेव्हाच्या गावाबाहेर, त्यांनी कधीकाळी एक मोठा तुकडा स्वस्तात घेऊन ठेवला होता. त्यात त्यांनी ना काही बांधलं होतं, ना काही पेरलं होतं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं आणि आत भाव वाढत होता. आता तो तुकडा सरकार घेणार या धास्तीनं अप्पांचं जेवण निम्म्यावर आलं.

एका रात्री जेवायला वकील आले. अप्पांचे जुने स्नेही, आमच्या घरी इतकं जेवलेले की त्यांच्या आवडीनुसार आमटीचं तिखट ठरायचं. ते म्हणाले, "जागा मोकळी दिसू देऊ नका. सार्वजनिक उपयोग दाखवा. मैदान म्हणा, क्लब म्हणा, असलं काही चालू असलं तर सवलतीसाठी अर्ज करता येतो."

"मैदान केलं तर पोरं घुसत्याल," अप्पा म्हणाले. "एकदा क्रिकेटची पोरं आत आली की त्यापेक्षा सरकार परवडलं. सरकार निदान कागद तरी देतं."

"मग टेनिस."

"त्याला जागा कितीशी लागती? बाकीची काय झाकून ठेवू? वकीलसाहेब, जागा लई लागंल आन् माणसं लागणार न्हाईत, असा खेळ सांगा."

मी त्या घरात नवीन होते. दाराआड उभी राहून वाढायला काय कमी-जास्त ते बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असा खेळ आहे."

आमच्या घरात सुनेचा आवाज सासऱ्यांच्या कानी पडत नसे. चुलीपाशी माझी थोरली जाऊ भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. अव्वा, म्हणजे सासूबाई, माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू भिंतीवरच्या पालीनं आरती म्हणायला सुरुवात केली होती. मग अप्पा म्हणाले, "बोल की."

माझे वडील रेल्वेत गार्ड. माझं लहानपण कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत गेलं. तिथल्या करमणुकीच्या हॉलमागं गोऱ्या साहेबांनी जाताना सोडून दिलेला क्रोकेचा संच पडून होता. साहेबांना तो आगगाडीत नेणं जड वाटलं असावं. पुढं गार्ड आणि फायरमन यांच्या बायकापोरांनी तो झिजेपर्यंत वापरला. त्यामुळं मला तो खेळ येत होता, जसा दुसऱ्या मुलींना सागरगोटे येत.

वकिलांच्या देखत, डोक्यावरून पदर घेऊन, मी सोप्यात बसले आणि फरशीवर सगळं मांडून दाखवलं. उलट्या वाट्या म्हणजे लोखंडी कमानी. लिंबं म्हणजे लाकडी चेंडू. लाटणं म्हणजे लांब दांड्याची मोगरी. मोगरीनं आपला चेंडू मारत ठरलेल्या क्रमानं सगळ्या कमानींतून काढायचा आणि शेवटी मधल्या खुंटाला लावायचा, की जिंकलं. त्यात एक गंमत. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला जाऊन लागला, तर आपला उचलून त्याच्या अंगाला चिकटवून ठेवायचा, त्यावर पाय दाबून धरायचा आणि असा टोला हाणायचा की आपला जागचा हलत नाही, पण दुसऱ्याचा मैदानाच्या पार टोकाला जातो. मग आपल्याला आणखी एक टोला मिळतो. हाच त्या खेळाचा जीव. मी एक लिंबू कोनाड्याखाली उडवून दाखवलं.

"पळावं लागतं?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"आरडाओरडा?"

"ओरडलेलं वाईट दिसतं."

"बघाया गर्दी हुती का?"

"कुणी बघत नाही अप्पा. बघण्यासारखं काही नसतंच."

त्या रात्री अप्पांनी पोटभर जेवून वर दहीभात मागितला.

मैदान गवताचं असतं, हे मी सांगितलं आणि सगळे हसले. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याच्या चौकशीत अर्धं गाव झोपत नव्हतं. गवताला पाणी घालणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांनी कुंपणातलाच काटा काढून बडवलं असतं. तेव्हा अप्पांनी आपल्याला ठाऊक असलेली एकमेव सपाट जागा केली, म्हणजे खळं. सुगीत कणसं मळायला करतात तसं. खणून, माती चाळून, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून जमीन घट्ट केली आणि शेणानं सारवली. चारी बाजूंनी चुन्याची फक्की मारली. मधोमध खुंट, मळणीचे बैल बांधतात त्या तिवड्यासारखा. लाटणी आणि भोवरे करणाऱ्या कातकाम्यानं बाभळीचे चेंडू घडवले. लोहारानं सळया वाकवल्या. खळ्यावरून चेंडू असा सुळकन जाई की कुर्डुवाडीचे साहेब बघते तर पुन्हा जहाजातून उतरले असते.

सभासद झाले बाजारातलेच. वकील होते. तेलाच्या घाण्याचे मालक होते. घरी तेलुगू बोलणारे, चादरींचे कारखानदार होते. एक निवृत्त हेडमास्तर होते. अध्यक्ष अप्पा. आणि मग वकिलांनी एक कायदेशीर बारकावा काढला. "नुसते पुरुष दिसले तर पाहणीला येणाऱ्या साहेबाला वाटेल इथं पत्ते चालतात. घरच्या बायका दिसल्या पाहिजेत. कुटुंबाचा क्लब म्हटलं की सभ्य वाटतं."

"नावं घाला की त्यांची," अप्पा म्हणाले.

"नावानं भागत नाही. साहेब न सांगता येतो आणि संध्याकाळचाच येतो. बायका तिथं रोज दिसायला हव्यात."

बाकीच्यांनी आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. तेव्हा अध्यक्षांच्या दोन सुनांवर जबाबदारी आली. रोज पाचला टांगा दारात येई आणि दिवेलागणीच्या आत आम्हाला परत आणून सोडी.

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणत असे. ती वैरागची. परकर-पोलक्यातून नुकती लुगड्यात आलेली असताना तिला या घरात आणलं आणि तेव्हापासून सोलापूर तिनं पाहिलं होतं ते देवळाच्या वाटेवरचं, दवाखान्याच्या वाटेवरचं आणि लग्नाच्या मांडवांतलं. तेही अव्वांच्या पाठीमागून. तिला दोन मुलं होती, थोरल्या दिरांचं जेवणखाण होतं, पाहुण्यांची पंगत होती. बाजारात काय आहे हे ती पिशवीतून काय निघालं त्यावरून ओळखायची. पहिल्या दिवशी टांग्यातून उतरल्यावर ती मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि नुसती समोर बघत राहिली. तिथं बघायला बाभळी होत्या, एक वीटभट्टी होती आणि आभाळ होतं.

"काय बघतेस अक्का?"

"काय न्हाय की. लांबचं बघायची सवय मोडली व्हती."

मी तिच्या हातात मोगरी दिली. लहानपणी ती वैरागला भावांच्या बरोबरीनं चिंचा पाडायची आणि भावांपेक्षा जास्त पाडायची, हे मला नंतर कळलं. तिनं एक डोळा बारीक केला, जिभेचं टोक ओठात धरलं, आणि पहिला चेंडू कमानीला न शिवता आरपार काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "येवढंच?"

महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. पुढं तिच्याशी बरोबरी करील असं त्या मैदानावर कुणी उरलं नाही. घरी दुपारचं सगळं काम ती अशी आटपायची की अव्वांना बोट ठेवायला जागा मिळू नये. चारलाच केस विंचरून बसलेली असे. एकदा ताप अंगात असताना निघाली. मी म्हटलं, आज राहू दे. तर ती म्हणाली, "मला हा एवढा तास पायजे. बाकीचा दिस घ्या की तुमच्या घराला. मी मागती का कधी काय?" तिनं खरंच कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि तिला घेऊन टांग्यात बसले.

आता क्लबाची मोठी माणसं कशी खेळायची ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांचा चेंडू घरंगळत जाऊन अप्पांच्या चेंडूला लागला. कुर्डुवाडीत अशा वेळी लोक हात चोळायचे. हेडमास्तर मात्र "अरे अरे" करत धावले आणि वाकून अप्पांच्या चेंडूला बोटं लावून ती त्यांनी कपाळाला लावली. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसं. मी सांगितलं, "आता तुमचा चेंडू त्यांच्या चेंडूला चिकटवा, वर पाय ठेवा आणि अप्पांचा उडवा."

"मी? यांचा?" हेडमास्तर म्हणाले. "बाई, मी यांच्या घरचं मीठ खाल्लंय. आणि पाय म्हणे ठेवा."

अप्पा गालात हसले. तसा ठरावच झाला. आपल्यापेक्षा वडील माणसाच्या चेंडूला आपला चेंडू लागला, तर नमस्कार करावा आणि आपला बाजूला घ्यावा. धाकट्याचा लागला तर खुशाल उडवावा.

मग सोलापुरात जे कधी घडलं नव्हतं ते घडायला लागलं. लोक म्हातारे होण्यासाठी भांडायला लागले. तेलाचे मालक आणि वकील यांच्यात थोरला कोण यावर पंधरा दिवस अबोला होता. दोघांनीही पत्रिका आणल्या. कारखानदारांनी केसांचा कलप सोडला आणि आठवड्यात वडीलधारे दिसायला लागले. हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना वडिलांनी वय कमी लावल्याचा शोध पन्नास वर्षांनी जाहीर केला. पण अप्पांच्या वयाला कुणाचा इलाज नव्हता. ते सगळ्यांत थोर. त्यांचा निळा चेंडू हातात विडा घेतल्यासारखा संथपणे कमानीमागून कमान पार करत जाई, बाकीचे वाटेतून सरकत, आणि रोज संध्याकाळी अप्पा जिंकत.

इथवर मला मजाच वाटत होती. पण अप्पांना ते खरं वाटायला लागलं. बाजारात लोक म्हणत, "अप्पा, तुम्हाला कुणी हरवत नाही म्हणे." अप्पा म्हणत, "डोळा लागतो त्याला." ते इतरांची मोगरी धरायची पद्धत सुधारायला लागले. एके दिवशी त्यांनी मला उभं करून खेळाचे नियम समजावून सांगितले. मी डोक्यावर पदर घेऊन सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "आणि अप्पा, चेंडू गोलच का असतो?" त्यांनी तेही समजावलं.

फाल्गुनात पाहणीचे साहेब आले. बायकोला घेऊन आले. त्यांची शाळा कुठंतरी डोंगरावर, थंड हवेच्या गावी झालेली, तिथं त्यांनी हा खेळ पाहिला होता. असला माणूस आमच्या खळ्यावर येईल हे वकिलांच्या कुठल्याही कलमात नव्हतं. अप्पांनी खुर्च्या मांडल्या, पेढे मागवले आणि सामना लावला. एका बाजूला ते आणि वकील, दुसऱ्या बाजूला दोन सुना. अप्पांचा निळा, वकिलांचा काळा, अक्काचा तांबडा, माझा पिवळा.

थोडा वेळ सगळं रोजच्यासारखं चाललं. वकिलांचा चेंडू अप्पांच्या चेंडूला लागला, त्यांनी नमस्कार केला. मग माझा लागला, मी वाकले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"शेठजी," ते म्हणाले, "यात दुसऱ्याचा चेंडू उडवून लावायचा असतो ना? आमच्याकडे तर त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. इथं कुणीच उडवत नाही ते?"

"आमच्याकडे खिलाडूपणा जास्त, सर," वकील म्हणाले.

साहेबांच्या बायकोला हसू आलं. "अहो, सुना कशा उडवतील? सासऱ्यांना घाबरत असतील बिचाऱ्या. उगाच उभ्या केल्यात."

उगाच उभ्या केल्यात, हे शब्द वकिलांच्या पोटात गेले आणि तिथून अप्पांच्या. कारण सगळी जमीन त्या एका गोष्टीवर उभी होती की आम्ही तिथं उगाच उभ्या नव्हतो. अप्पा मोठ्यानं हसले. "छे हो बाईसाहेब. आमच्यात तसलं काय न्हाय. माझ्या सुनांना मोकळीक हाय. मार की गं थोरले. मार माझा चेंडू."

पाहुण्याला आपण म्हणतो, घर तुमचंच आहे. पाहुणा काही दुसऱ्या दिवशी सातबारा मागत नाही. अप्पा त्या सुरात बोलले होते. तिथल्या प्रत्येक माणसाला तो सूर कळला, मलाही कळला. अक्कालाही कळलाच असणार. पण थोरल्यांचं सांगणं मोडायचं नसतं हेही तिला त्याच घरानं शिकवलं होतं.

तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ऐकलंस न्हवं?"

"सगळ्यांनी ऐकलं," मी म्हटलं.

तिचा तांबडा पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून तिनं डोळा बारीक केला. चेंडू सारवलेल्या जमिनीवरून सरळ रेघ ओढावी तसा गेला आणि निळ्याला टक्कन लागला. अक्का चालत गेली. घाई केली नाही. आपला चेंडू उचलून तिनं अप्पांच्या चेंडूला चिकटवला. चपला काढून ठेवल्या. मग जोडव्यांचा उजवा पाय तिनं तांबड्यावर ठेवला. सासऱ्यांच्या चेंडूपासून तिच्या अंगठ्याचं अंतर गव्हाच्या दाण्याएवढं असेल. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

टोला बसला. निळा चेंडू मैदान ओलांडून, फक्की ओलांडून, उड्या मारत बाभळीच्या काट्यांत गेला.

"वा," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. वाजवणारे ते एकटेच होते.

अक्का थांबली नाही. उरलेल्या कमानी ती एकामागून एक काढत गेली, वाटेत वकिलांचा काळाही तिनं उडवला, आणि तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता हे तिच्या लक्षात नव्हतं. शेवटी तांबडा खुंटाला लागला तेव्हा तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. चिंचेखालची पोरगी दिसत होती. त्या वेळी तेलाचे मालक काट्यांतून अप्पांचा चेंडू काढत होते आणि त्यांच्या मनगटातून रक्त येत होतं.

अप्पांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले. "बघा, मी म्हटलं न्हवतं?" ते साहेबांना म्हणाले. साहेब खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, हा खरा क्लब आहे, इथं बायका खरंच खेळतात. पुढं सवलत मिळाली तीही त्याच जोरावर मिळाली, वकिलांनीच घरी येऊन सांगितलं. म्हणजे जमीन वाचवली ती त्या टोल्यानं. वकील हे सांगत होते तेव्हा अक्का त्यांना आमटी वाढत होती. तिच्याकडे बघून कुणी ते सांगितलं नाही.

घरी तिला कुणी रागावलं नाही. आमच्याकडे रागवायची पद्धत नव्हती. अव्वा फक्त म्हणाल्या, "सासऱ्याचा चेंडू काट्यात घालणारी सून आमच्या सात पिढ्यांत न्हवती." ज्या सात पिढ्यांत चेंडूच नव्हता त्यांचा दाखला, पण मला तेव्हा हसू आलं नाही. थोरले दीर बायकोशी आठवडाभर मुलांच्या मार्फत बोलले. आणि क्लबाची बैठक झाली. महिलांच्या सोयीसाठी त्यांना स्वतंत्र वेळ द्यावी असं सर्वानुमते ठरलं. पुरुषांनी सकाळी आणि संध्याकाळी खेळावं. महिलांनी बारा ते तीन.

चैत्र लागला होता. सोलापुरात चैत्रात बारा ते तीन कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "याला बंदी म्हणतात."

"बंदी कुठं घातलीय?" हे म्हणाले. "उलट तीन तास दिलेत. आधी एकच होता."

अक्का तरीही जायला लागली. तिला तीन तासांचं काही नव्हतं, तिला तिचा एक तास हवा होता. दुकानातून पुरुष जेवायला दीडला येत. ती सकाळी लवकर उठून सगळा स्वयंपाक करून ठेवी, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवी, आणि आम्ही दोघी छत्री घेऊन निघत असू. टांगेवाला म्हणे, "बाई, घोड्याला तरी बघा." कमानींना हात लावला तर चटका बसे. सारवण उन्हानं तडकून पापुद्रे सुटले होते. त्यात चेंडू अडखळे. तरी ती खेळायची, पदर डोक्याला घट्ट गुंडाळून, कानांच्या पाळ्या तांबड्यालाल झालेल्या. मी छत्री धरून तिच्यामागं फिरायची आणि मधूनमधून साहेबांच्या बायकोची नक्कल करायची. तिनं हसावं म्हणून. हसायची.

आम्ही दीडच्या आत परत येत होतो. एकदाही उशीर झाला नाही.

मग एके दिवशी अप्पांनी पानावर बसल्यावर भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि म्हणाले, "भाकरी गार हाय."

एवढंच. आवाज चढला नव्हता. त्यांनी तीच भाकरी खाल्ली, हात धुतले आणि दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता अक्का तव्यापाशी बसलेली होती. मी म्हटलं, तू जा, गरम भाकऱ्या मी करते. ती म्हणाली, "आन् उद्या आमटी गार असंल. ऱ्हाऊ दे." तिनं भाकरी पालथी केली. चांगली टम्म फुगली होती.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. सोलापुरात अशा पुष्कळ बायका तव्याशी बसल्या असतील. पण अव्वांच्या लक्षात आलं की एवढं चाळलेलं, रूळ फिरवलेलं, सारवलेलं मैदान दिवसभर उन्हात मोकळं पडतं. आणि घरात कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले होते. आमची गच्ची लहान, तिथं शेजाऱ्यांची मांजरं. अव्वांनी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "बायकांचा येळ हाय तो. त्यांनी त्येचं काय बी करावं."

अशा रीतीनं क्लबाचा महिला विभाग भरभराटीला आला. सकाळी पुरुष खेळून गेले की पहिल्या कमानीपासून शेवटच्या कमानीपर्यंत जुनी लुगडी अंथरली जात आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे. तेलाच्या मालकांकडच्या बायका आल्या, वकिलांकडच्या आल्या. ज्यांना संध्याकाळी घराबाहेर पडायला अडचणी होत्या त्यांना दुपारी एकही आली नाही. अप्पांनी पुन्हा सारवून घेतलं, पापडांना माती लागू नये म्हणून. आणि कावळे हाकायला दिवसभर कुणीतरी हवं होतं, तर अव्वांनी अक्काला बसवलं. "तिला तिथली सवय हाय," त्या म्हणाल्या. घरच्या जेवणाला गरम भाकऱ्या मी करत होते. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

एका दुपारी मी तिचं जेवण घेऊन गेले. कुंपणाच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत ती बसली होती आणि सावली सरकेल तशी सरकत होती. मांडीवर मोगरी आडवी. चेंडूंची पेटी आता कुलपात असे, किल्ली वकिलांकडे. मोगऱ्या तेवढ्या बाहेर राहत. त्या दिवशी बाकीच्या बायका माल घालून गेलेल्या होत्या. नजर पोचेल तिथपर्यंत दुसरं माणूस नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, टांगा उभा आहे. वकिलांकडून किल्ली घेऊन येते. त्यांना सांगते, मसाल्याचं काही पेटीत राहिलंय. तू आणि मी. कुणी बघत नाही."

तिनं समोर पाहिलं. कमानी लुगड्यांतून वर आलेल्या दिसत होत्या, आणि खुंटाला कुणीतरी सांडग्यांचं सूप टेकवून ठेवलं होतं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, एक घास घेतला, सावकाश चावला.

"नको," ती म्हणाली. "कुरडया मोडत्याल."

आणि पलीकडच्या लुगड्यावर एक कावळा उतरला, तशी मोगरी घेऊन उठली.